आतेला सांगायचं नव्हतं

आमच्या लालबागच्या खोलीत खाट एकच होती आणि तिच्यावर घरातलं कोणी झोपल्याचं मला आठवत नाही. ती पेशंटची खाट. परळचं कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे गावात किंवा आजूबाजूच्या वाड्यांत कोणाला तो आजार झाला की त्याने एसटीने मुंबईला यायचं आणि आमच्याकडे उतरायचं, हे जणू ठरूनच गेलं होतं. कोणी विचारत नसे, कोणी बोलावतही नसे. एक पेशंट, त्याच्याबरोबर एक माणूस, एका पिशवीत उकडे तांदूळ, दुसरीत सुकट आणि आमसुलं, अशी मंडळी दारात उभी राहायची. बाबा "या, बसा" म्हणायचे आणि आई मुकाट्याने खाटेवरची चादर बदलायची. मग आम्ही सगळे खाली, जागा पुरली नाही तर गॅलरीत, उन्हाळ्यात गच्चीवर. खालच्या गल्लीत मिरची-मसाला कुटायचे डंक सकाळपासून धडधडत असत. पेशंटला ठसका लागू नये म्हणून आई खिडकीला ओलं फडकं लावायची. त्या फडक्यातून येणारा मिरचीचा वास आणि स्टोव्हवर रटरटणारी कुळथाची पिठी, हे माझ्या तरुणपणाचे दोन वास. मी पुढे बऱ्या घरांत राहिले, तिथे कशाचाच वास येत नाही.

या घराचा एक कायदा होता. पेशंटसमोर आजाराचं नाव काढायचं नाही. नुसतं नाव नाही, हॉस्पिटलचंही नाही, कारण आमच्या कोकणात त्या हॉस्पिटलचं नाव घेतलं की आजाराचं वेगळं सांगावं लागत नाही. घरात त्याला 'मोठा दवाखाना' म्हणायचं. कोणाचं 'रक्त कमी' असायचं, कोणाच्या 'पोटात वात धरलेला' असायचा, कोणाला 'घशात जखम' झालेली असायची. चाळीतली लहान पोरंसुद्धा यात तयार झाली होती. नवीन पेशंट आला की शेजारच्या कदमकाकू दारातूनच आईला डोळ्यांनी विचारायच्या, यांना काय सांगितलंय? आई सांगायची, वात. अर्ध्या तासात तिन्ही मजल्यांवर वात झालेला असे. याच्यामागे भिकाजीकाका होते, बाबांचे चुलते. त्यांना कुठल्याशा कंपाउंडरने तोंडावर सांगून टाकलं होतं. त्यांनी त्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं, ते पुन्हा वळवलंच नाही. जेवण सोडलं, बोलणं सोडलं आणि शिमग्याच्या आत गेले. आजाराने नव्हे, ऐकण्याने गेले, असं बाबांचं ठाम मत होतं आणि ते मत घेऊन बाबा उरलेलं आयुष्य जगले.

बाबा गिरणीतून सुटल्यावर हिंदमाताला साड्यांच्या दुकानात लागले होते. गिऱ्हाईकाला न दुखवता बोलण्याची कला त्यांच्या अंगात मुरलेली होती. मी तेव्हा शहराच्या पार दक्षिणेच्या टोकाला, समुद्राजवळच्या एका संस्थेत संशोधन करत होते. चाळीत त्याला एकच शब्द होता, 'सायन्स'. कदमकाकूंचा गुडघा दुखला तरी मला विचारायच्या, तू सायन्सची ना? मी दगडी खलात तीन-चार पावडरी घेऊन तासन्‌तास घोटत असे, त्याच्या काळ्या टिकल्या दाबून भट्टीत भाजत असे आणि मग त्या टिकल्या अतिथंड केल्या की त्यांच्यातून वीज विनाअडथळा वाहते का, ते बघत असे. बहुतेक वेळा वाहत नसे. माझ्या बोटांच्या रेषांत काळं बसलेलं असायचं आणि आई म्हणायची, पोरगी शिकायला जाते की कोळशाच्या वखारीत?

अशा घरात एके दिवशी शेवंती आते आली. बाबांची मोठी बहीण, त्यांची आक्का. त्यांची आई लवकर गेल्यामुळे तिनेच बाबांना वाढवलं होतं, तिनेच बोटीत बसवून मुंबईला धाडलं होतं. तरुणपणीच विधवा झाली, मूलबाळ नाही, तरी शेत स्वतः कसत होती आणि गावातल्या पुरुषांना दबून नव्हती. आजवर ती आमच्याकडे आली होती ती पेशंटबरोबरचं माणूस म्हणून. या वेळी तिच्याबरोबर दुसरंच कोणीतरी होतं आणि तिचं पोट डाव्या बाजूला फुगलेलं होतं. आईने चादर बदलली, पण त्या दिवशी घडी न मोडलेली नवी काढली. आतेला हॉस्पिटलचं नाव दिसू नये म्हणून बाबांनी वळसा घालून मागच्या दाराने नेलं, बोलत बोलत, पाटीकडे आपली पाठ करून. ओसरीत टक्कल झालेली लहान मुलं बसली होती. आते थांबली. ह्या पोरांचे केस कित्याक काढले, तिने विचारलं. उवा झाल्या होत्या, बाबा म्हणाले. "सगळ्यांकच?" आते म्हणाली, आणि बाबांकडे अशी बघत राहिली की मला तशातही हसू आलं. तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सर निघाला, हळूहळू वाढणारा. घरी ठरलं, आतेचं रक्त कमी झालंय, एवढंच.

आतेसारखी चौकस बाई मी दुसरी पाहिली नाही. खाटेवर पडून राहणं तिला जमायचं नाही. सकाळी आई घावणे काढायला बसली की ती पाट घेऊन शेजारी, नारळ खवायला. हात चालू आणि तोंडही चालू. मुंबईत पाणी कुठून येतं, कदमांच्या पोराला काय काम असतं, टीव्हीतली माणसं एकाच वेळी सगळ्यांच्या घरी कशी दिसतात. संध्याकाळी मी आले की माझी पाळी. दिसभर थंय काय कुटतंस? मी सांगायचे. तिला टिकली दाखवायला आणली तर तिने हुंगली, नखाने खरवडली, मगे ह्येचो उपेग काय, म्हणाली. अजून माहीत नाही, मी म्हटलं. उपयोग माहीत नसताना लोक पगार देतात, याचं तिला फार कौतुक वाटलं. मी तिला इलेक्ट्रॉनचं सांगितलं. म्हटलं, आते, तो इतका बारीक असतो की त्याचे नियमच निराळे, तो एकाच वेळी इथे पण असू शकतो आणि तिथे पण. आतेने खोबऱ्याची वाटी खाली ठेवली, जरा विचार केला.

"म्हंजे आमच्या बाळासारखोच," ती म्हणाली. "आंग हंय, जीव गावाक."

बाळा म्हणजे माझे बाबा. तेव्हापासून ते दुकानातून आले की आते मला म्हणायची, इलो गो तुझो इलेक्ट्रॉन. आम्ही दोघी हसायचो आणि बाबांना काही कळायचं नाही. आज हे लिहिताना मला हसू येत नाही. डोळ्यांना न दिसणारी, माझ्या संशोधनाच्या सरांनीही न पाहिलेली वस्तू मी तिला नीट उलगडून सांगत होते, तिचे सगळे प्रश्न पुरे होईपर्यंत. आणि तिच्या स्वतःच्या हाडांत काय चाललंय ते तिन्ही मजल्यांना माहीत होतं, तिला सोडून.

हॉस्पिटलात आतेच्या बरोबर मीच जायचे, डॉक्टरांचं इंग्रजी समजून घ्यायला. बाबा सुट्टी मिळेल तेव्हा यायचे. आतेला बघणारी डॉक्टर तरुण होती, पुण्याकडची असावी. एकदा आते आत रक्त द्यायला बसली असताना तिने आम्हा दोघांना बाजूला बोलावलं. जुन्या औषधाने काही काळ रेटता येईल, पण नंतर आजार उसळेल, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, एक नवीन गोळी आहे. अजून बाजारात नाही, तिची चाचणी चालू आहे, आणि आतेचा आजार नेमका त्या जातीचा आहे. तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. पेशींमध्ये एक चुकीची जोडणी झालेली असते, ती सारखी 'वाढा, वाढा' असा हुकूम सोडत राहते. ही गोळी नेमकी त्या हुकूम देणाऱ्याच्या खाचेत जाऊन बसते आणि बाकी शरीराला फारसा हात लावत नाही. मी भारावून गेले होते. इतकं नेमकं, इतकं सुबक काम मी माझ्या विषयातही क्वचित पाहिलं होतं. मी मनातल्या मनात आतेला ते कसं समजावून सांगायचं याची जुळवाजुळवही सुरू केली होती. आणि नेमकं तेच डॉक्टर पुढे म्हणाली.

"त्यांना सगळं सांगावं लागेल. आजार कोणता, गोळी नवी आहे, काय होऊ शकतं, काय नाही. त्यांच्या भाषेत. ते समजून त्या हो म्हणाल्या तरच मी त्यांना यात घेऊ शकते."

मी सांगतो, बाबा म्हणाले, मी तिचा भाऊ, माझी सही घ्या. डॉक्टरने मान हलवली. बाबांनी दुकानातला सगळा गोडवा ओतला. ताई, तुम्ही मला मुलीसारख्या, आमच्याकडे पद्धत नाही हो अशी. ती बिचारी मऊ आवाजात पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, की औषध त्या घेणार, जीव त्यांचा, तर हो-नाही त्यांनीच म्हणायला हवं. शेवटी म्हणाली, दोन-चार दिवस विचार करा.

आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. बाबा घामाने भिजले होते. मी बोलायला लागले. म्हटलं, बाबा, आते भिकाजीकाका नाही. ती भिंतीकडे तोंड करणारी बाई नाही, ती डॉक्टरणीलाच उलटे चार प्रश्न विचारेल. तिला सांगूया. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी माझा हात धरला. लहानपणानंतर त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता.

"तू शिकलेली आहेस. मला एकच सांग. त्या गोळीने ती बरी होईल?"

"माहीत नाही बाबा," मी म्हटलं. "अजून कोणालाच माहीत नाही. तेच तर बघतायत."

"म्हणजे जे कोणालाच माहीत नाही त्याच्यापायी, जे माहीत आहे ते तिला सांगायचं?"

 माझ्या सरांनी मला एकच गोष्ट पक्की शिकवली होती, मोजलंय तेवढंच बोलायचं, त्याच्यापुढे एक अक्षर नाही. मी तसंच बोलले होते आणि ते खरं होतं. तेव्हा आणखीही एक खरं होतं, की त्या डॉक्टरच्या डोळ्यांत मला आशा दिसली होती, पण ती काही मोजलेली नव्हती. बाबांना हमी हवी होती आणि हमी देणारं शास्त्र मी शिकले नव्हते. आमच्या गावचा कुठलाही भगत त्यांना छातीवर हात ठेवून 'होईल बरी' म्हणाला असता आणि बाबांनी त्याचं ऐकलं असतं. हे मला कितीतरी वर्षं सलत राहिलं, अजून सलतं. मी चुकले असं मला वाटत नाही. खरं बोलणाराच हरावा अशी ती जागा होती, याचं मात्र फार वाईट वाटतं.

आते दंडावर कापूस दाबत बाहेर आली. आमच्या चेहऱ्यांकडे बघून तिने विचारलं, डाक्टरीण इतका काय सांगत होती? बाबा म्हणाले, नाचणीची भाकरी खा म्हणाली, रक्त वाढतं. आते हसली. त्येका डाक्टर कित्याक व्होयो, म्हणाली, आणि बाबांच्या खांद्याचा आधार घेऊन पायऱ्या उतरली. त्या रात्री आईने नाचणीच्या भाकऱ्या केल्या, बांगड्याचं तिखलं केलं. आते आवडीने जेवली. आई मात्र पदराने नाक पुसत राहिली आणि डंकाच्या मिरचीला दोष देत राहिली. डंक संध्याकाळीच बंद झाले होते.

मी आणखी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी बाबा रडले. गिरणी बंद पडली तेव्हा न रडलेला माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, माझ्या बहिणीला शांतपणे जगू दे म्हणून. आई मधे पडली, आता पुरे कर, सुषमे. मी पुरे केलं. आते जुनी औषधं घेऊन गावाला गेली. पुढचा पावसाळा तिने भात लावला, त्याच्या पुढचा पाहिला नाही. खालच्या फोनवाल्याकडे निरोप आला तेव्हा बाबा दुकानात होते. गावाहून तेरावं करून आले आणि खाटेच्या कडेवर बसून चाळीतल्या प्रत्येकाला सांगत राहिले, हसत गेली हो, शेवटपर्यंत कळू दिलं नाही आम्ही तिला. त्यांच्या आवाजात दुःख होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही होता.

पुष्कळ लोक मला म्हणतात, अगं, तिला कळलंच असणार, बायकांना कळतं. या बोलण्याचा मला संताप येतो. लपवणाऱ्यांना तेवढंच एक बरं वाटण्यासारखं असतं. समजा, कळलं असेल. उवांची गोष्ट तिने गिळली नव्हती हे मीच पाहिलंय. पण माणसाला आजाराचा अंदाज बांधता येतो, औषधाचा बांधता येत नाही. समुद्रापलीकडे कोणीतरी तिच्या रक्तातल्या एका खाचेत बसणारी गोळी घडवली आहे आणि ती चालत जाण्याच्या अंतरावर आली आहे, हे ती कशी ओळखणार होती? ते फक्त सांगितल्यानेच कळतं. तिने 'नको' म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. पण तिला कोणी विचारलं नाही.

हल्ली मी निवृत्त आहे, दादरला राहते, सकाळी चहाबरोबर विज्ञानाच्या बातम्या वाचते. पेशंटच्याच पेशी बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत अंगात सोडतात, आणि हे आता आपल्याकडेही होतं. एकाच वेळी दोन्हीकडे असणाऱ्या त्या कणांवर गणितं करणारी यंत्रं निघाली आहेत. साध्या खोलीच्या तापमानाला विनाअडथळा वीज वाहणारा पदार्थ सापडला अशी आवई अधूनमधून उठते, चार दिवस गाजते आणि विरते. माझ्या काळ्या टिकल्यांची जात अजून तशीच हट्टी आहे. माझी पुतणी रुग्णालयात संशोधनाचंच काम करते. ती सांगते की अजूनही घरची माणसं तिला दाराबाहेर गाठून म्हणतात, त्यांना सांगू नका. औषधं कुठल्या कुठे गेली आणि माणसं तिथेच, असं म्हणून ती हताश होते.

आतेसाठी आलेल्या त्या गोळीचं पुढे काय झालं ते मला आधी कळलं, मग चाळीला. गोळी लागू पडली. नुसती लागू पडली नाही, त्या जातीच्या आजाराची सगळी गोष्टच बदलून गेली. माणसं रोज एक गोळी घेऊन नोकऱ्या करू लागली, म्हातारी होऊ लागली. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कांबळ्यांच्या मिलिंदला तोच आजार झाला. तो बँकेत होता. त्याच्या आईने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, तो दोन दिवस खोलीत बसून राहिला, तिसऱ्या दिवशी कामावर गेला. गोळी सुरू झाली. पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. संध्याकाळी तो पॅसेजमध्ये कॅरम खेळायचा आणि हरला की साऱ्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

मी तोवर लग्न होऊन बाहेर पडले होते, रविवारी घरी जायचे. एका रविवारी कदमकाकूंनी मला जिन्यात थांबवलं. तुझ्या बाबांना आम्ही सांगितलंय की मिलिंदला थायरॉईड आहे, त्या हळूच म्हणाल्या. तूही तेच सांग.  तिन्ही मजल्यांनी आपणहून, कोणी न सांगता, बाबांना पेशंट करून टाकलं होतं. मिलिंदला स्वतःला हे माहीत होतं. बाबांनी विचारपूस केली की तो म्हणायचा, काका, थायरॉईड बरा आहे.

बाबा थकले होते. ती खाट आता त्यांची झाली होती. त्या दुपारी आईने सोलकढी केली होती, मी त्यांच्या उशाशी बसून वाटी धरली होती. बाहेर कॅरमची सोंगटी फटाफट आपटत होती. बाबांनी दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला सारली. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही काढला नव्हता तो विषय काढला.

"त्या गोळीचं काय झालं गं पुढे? आक्कासाठी आली होती ती."

आई भांडी घासायची थांबली. पॅसेजमध्ये मिलिंद हसत होता. सगळं मोजलेलं होतं, जगभर पुन्हा पुन्हा तपासलेलं होतं, मला त्यातला आकडा नि आकडा पाठ होता.

"नाही चालली, बाबा," मी म्हटलं. "फुकट गेली ती."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा सगळा चेहरा सैल पडला.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "उगाच सांगून बसलो असतो तिला."